विश्लेषण : माफियात पाच वर्षे वावरलेल्या एफबीआय एजंटची साक्ष इतकी निर्णायक का ठरली?

जुलै १९८१ च्या अखेरीस एफबीआयचे तीन अधिकारी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या ‘मोशन लाउंज’ या बारच्या वरच्या घरी गेले. तिथे डॉमिनिक नापोलितानो राहत होता. बोनानो या माफिया कुटुंबातला हा वजनदार म्होरक्या टोळीत ‘सॉनी ब्लॅक’ म्हणून ओळखला जाई. अधिकाऱ्यांनी त्याला अटक केली नाही की झडती घेतली नाही. त्यांनी एक छायाचित्र दाखवले आणि सांगितले, की तुझा विश्वासू साथीदार डॉनी ब्रास्को हा एफबीआयचा एजंट आहे. तीन आठवड्यांत नापोलितानो बेपत्ता झाला. त्याचा मृतदेह सापडला तो थेट पुढच्या वर्षी.

संघटित गुन्हेगारीत घुसलेल्या एजंटच्या कथा बहुतेकदा त्याच्या धाडसापाशी थांबतात. डॉनी ब्रास्को प्रकरणात धाडस होतेच. पण अमेरिकी माफियाला खरा फटका बसला तो नंतर, न्यायालयात. हा फटका कसा बसला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा आढावा.

कोण हा डॉनी ब्रास्को?

जोसेफ पिस्टोन हे त्याचे खरे नाव. जन्म १९३९ चा. इटालियन वंशाच्या कुटुंबातला पिस्टोन न्यू जर्सीतल्या पॅटरसन शहरात वाढला. तिथल्या गल्ल्यांमध्ये माफियाशी संबंधित माणसे कशी बोलतात, कशी उभी राहतात, कोणासमोर गप्प बसतात, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. १९६९ मध्ये तो एफबीआयमध्ये दाखल झाला. अवजड वाहने चोरणाऱ्या एका टोळीत त्याने आधी घुसखोरी केली होती. मोठा ट्रेलर चालवता येत असल्याने तिथे त्याची निवड झाली आणि १९७६ च्या सुरुवातीला त्या प्रकरणात तीसहून अधिक जण पकडले गेले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पिस्टोन ‘डॉनी ब्रास्को’ झाला. ओळख ठरली दागिने चोरणाऱ्या भुरट्याची. आईवडील नाहीत, जवळचे कोणी नाही, एकटाच फिरतो. एकट्या माणसाची चौकशी करायला कोणाकडे जाणार, हा त्यामागचा हिशेब. दागिने चोरच का, याचेही उत्तर साधे आहे. हा चोर एकटा काम करतो, त्याला हाणामारी करावी लागत नाही आणि ‘सध्या काही हाती नाही’ असे म्हणून तो महिनोन् महिने स्वस्थ बसला तरी कोणाला संशय येत नाही. त्यासाठी पिस्टोनने रत्नपारखीचे धडे घेतले. कार्यालयातून त्याच्या नोंदी हटवण्यात आल्या. कोणी दूरध्वनी करून विचारले, तर या नावाचा कोणी इथे काम करत नाही, असे उत्तर मिळेल अशी सोय होती.

मोहीम सहा महिन्यांची ठरली होती. ती जुलै १९८१ पर्यंत, म्हणजे जवळपास पाच वर्षे चालली.

एजंट घुसवण्याची वेळ का आली?

एफबीआयचे दीर्घकाळ संचालक राहिलेले जे. एडगर हूवर यांचा अशा लांबलचक छुप्या मोहिमांना विरोध होता. गुन्हेगारांमध्ये राहून आपली माणसे बिघडतील, ही त्यांची धास्ती. १९७२ मध्ये हूवर यांचे निधन झाल्यावर धोरण हळूहळू बदलले.

दुसरे कारण कायद्याचे. १९७० मध्ये अमेरिकेत ‘रिको’ कायदा आला. त्याआधी खून झाला की खुन्यावर खटला आणि चोरी झाली की चोरावर. गोळी झाडणारा प्यादा आत जाई. ज्याच्या सांगण्यावरून ती झाडली, तो म्होरक्या घरी बसे. रिकोने संपूर्ण टोळीलाच एक ‘उद्योग’ मानले. दहा वर्षांच्या काळात ठरावीक प्रकारचे किमान दोन गुन्हे त्या उद्योगासाठी झाले, असे दाखवता आले तर तो चालवणाराही अडकतो. मात्र यात एक मेख होती. टोळी आहे, तिची उतरंड अशी आहे, कमाईचा वाटा खालून वर असा जातो, हे सरकारी पक्षाला आधी ज्युरीसमोर सिद्ध करावे लागे. आतल्या माणसाशिवाय हे सांगणार कोण?

आतला माणूस म्हणजे फुटलेला गुन्हेगार, इतकाच पर्याय तोवर होता. १९६३ मध्ये जोसेफ व्हलाची या माफिया सदस्याने अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे टोळीचे अंतरंग उघड केले आणि देश हादरला. पण न्यायालयात फितूर गुन्हेगाराची अडचण अशी असते, की बचाव पक्षाचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो : तुमची शिक्षा किती कमी झाली? एजंटकडे असा कोणताही सौदा नसतो.

विश्वास कसा मिळवला?

पिस्टोनने सुरुवातीचे काही महिने जवळपास काहीच केले नाही, हे त्याच्या पद्धतीतले सर्वांत महत्त्वाचे. मॅनहॅटनमधल्या ज्या उपाहारगृहांमध्ये माफियाची माणसे येत, तिथे तो जाऊन बसे. जेवायचे, थोडे प्यायचे, निघून यायचे. कोणाशी ओळख काढायची नाही. अशाच एका ठिकाणी बॅकगॅमनच्या पटावरून बोलणे सुरू झाले. चेहरा ओळखीचा झाल्यावर त्याने तिथल्या बारवाल्याला काही दागिने दाखवले आणि गिऱ्हाईक मिळेल का, असे सहज विचारले. सौदा झाला नाही, पण बातमी पसरली. ब्रास्कोला त्यापेक्षा जास्त काही नको होते.

आधी त्याचा शिरकाव कोलंबो कुटुंबाशी संबंधित एका टोळक्यात झाला. तिथे एकदा त्याला मागच्या खोलीत अडवून विचारण्यात आले, की तुला ओळखणारा एक तरी माणूस सांग. त्याने मायामीतल्या एकाचे नाव दिले. तो एफबीआयचा खबरी होता आणि नेमक्या याच प्रश्नासाठी त्याला तयार ठेवले होते. निरोप जाऊन उत्तर येईपर्यंत ब्रास्को त्या खोलीत बसून होता.

पुढे अँथनी मिरा या बोनानो कुटुंबातल्या अत्यंत तापट गुंडाशी ओळख झाली आणि मिरामुळे बेंजामिन रुजिएरोशी. हा ‘लेफ्टी’ रुजिएरो म्हणजे या कहाणीतले सर्वांत मानवी पात्र. मिरा तुरुंगात गेल्यावर लेफ्टीने ब्रास्कोला आपल्या पंखाखाली घेतले. लेफ्टी बोलघेवडा होता. जुगारात हरलेला, सतत उधारीत, वर जाण्याची हाव असलेला आणि शिकवण्याची हौस असलेला. पाकीट कसे ठेवायचे, मिशी का काढायची, मोठ्यांसमोर कधी बोलायचे, हे सगळे तो आपल्या ‘शागिर्दा’ला समजावून सांगे. एफबीआयला वर्षानुवर्षे न मिळालेला माफियाचा अलिखित नियमसंग्रह असा रोज फुकट मिळत होता.

‘माझा मित्र’ आणि ‘आपला मित्र’

या शिकवणीतला एक धडा पुढे न्यायालयात फार कामाला आला. माफियात दोन माणसांची ओळख करून देताना ‘हा माझा मित्र’ म्हटले, तर तो बाहेरचा असतो; मी त्याची हमी घेतो, पण त्याच्यासमोर धंद्याचे बोलू नकोस, असा त्याचा अर्थ. ‘हा आपला मित्र’ म्हटले, तर तो शपथ घेतलेला अधिकृत सदस्य. एका शब्दाचा फरक, पण ध्वनिफितीतल्या संभाषणात कोण सदस्य आणि कोण नुसता हरकाम्या, हे त्यावरून ठरते. नुसती फीत ऐकून हे कोणालाही कळले नसते.

‘माझा मित्र’ म्हणणाऱ्यावर जबाबदारीही येते. आणलेला माणूस दगाबाज निघाला तर आणणाऱ्याचा जीव जातो. मिरा, रुजिएरो आणि नापोलितानो या तिघांचे भवितव्य या नियमानेच ठरले. इतकेच नव्हे, तुरुंगातून सुटल्यावर मिराने ‘ब्रास्को माझा माणूस आहे’ असा दावा केला, त्याने अमली पदार्थांच्या कमाईतले अडीच लाख डॉलर लाटल्याचा आरोपही केला. वरिष्ठांच्या बैठका बसल्या. तोवर कुटुंबात वजन वाढलेल्या नापोलितानोच्या पारड्यात निकाल पडला आणि ब्रास्को त्याच्याकडे राहिला. एका एजंटच्या मालकीवरून माफियात भांडण लागले होते. निकाल उलटा लागता तर ब्रास्को जिवंत राहिला असता का, याची शंकाच आहे.

पुरावा गोळा कसा केला?

आज खिशातला मोबाइलही तासन् तास ध्वनिमुद्रण करतो. १९७० च्या दशकात एजंटकडे ‘नागरा’ हे फितीचे यंत्र असे. त्या काळाच्या मानाने ते छोटे, तरी तळहातात न मावणारे होते. त्यावर ध्वनिमुद्रण होई, पण ऐकण्याची सोय नसे. म्हणजे यंत्र चालले की नाही, हे फीत कार्यालयात पोहोचल्यावरच कळणार. दुसरे साधन म्हणजे अंगावरचा छोटा प्रक्षेपक. तो स्वतः काही साठवत नसे. जवळपास गाडीत बसलेल्या सहकाऱ्यांना ऐकू येई तेवढेच. लोखंडी सांगाड्याच्या इमारतीत किंवा गर्दीच्या रस्त्यावर त्याचा आवाज तुटे.

माफियात भेटल्यावर मिठी मारण्याची पद्धत आहे. तशात हे यंत्र अंगावर असणे म्हणजे मरणाला निमंत्रण. त्यामुळे पिस्टोनने ते मोजक्याच वेळी वापरले. बाकी सगळे डोक्यात. गाडीचे क्रमांक, नावे, कोण कोणाला भेटले, हे लक्षात ठेवायचे आणि संधी मिळताच सार्वजनिक दूरध्वनीवरून संपर्क अधिकाऱ्याला सांगायचे. लेफ्टीशी दूरध्वनीवर होणारी संभाषणे मात्र तो सर्रास मुद्रित करी आणि लेफ्टीला दूरध्वनीवर गप्पा मारण्याची भारी आवड.

धोक्याचे प्रसंग अनेक आले. फ्लोरिडात नापोलितानोच्या लोकांसाठी ब्रास्कोने एका बोटीवर सहल घडवली होती. बोट एफबीआयने पुरवलेली. काही काळाने अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या लाचखोरीचे ‘अ‍ॅबस्कॅम’ प्रकरण फुटले. त्या सापळ्यातही हीच बोट वापरलेली होती आणि तिचे छायाचित्र एका साप्ताहिकात छापून आले. लेफ्टीने ते ओळखले. ब्रास्कोने कशीबशी वेळ मारून नेली. माफियाच्या नजरेपेक्षा सरकारी काटकसरीनेच त्याचा घात केला असता, असे म्हणायला वाव आहे.

याच फ्लोरिडातल्या हॉलिडे गावी ‘किंग्ज कोर्ट’ नावाचा क्लब दुसरा एक छुपा एजंट चालवत होता. त्या निमित्ताने ब्रास्कोने नापोलितानो आणि फ्लोरिडाचा म्होरक्या सँटो ट्रॅफिकान्टे यांची गाठ घडवली. मिलवॉकीतही असाच प्रयोग झाला. म्हणजे एका माणसामुळे तीन शहरांतल्या टोळ्यांमधले धागे नोंदवले जात होते.

मोहीम का थांबवली?

१२ जुलै १९७९ रोजी कार्माइन गॅलान्टे हा बोनानो कुटुंबाचा दांडगा नेता ब्रुकलिनच्या एका उपाहारगृहाच्या अंगणात जेवताना मारला गेला. कुटुंबाचा अधिकृत प्रमुख फिलिप रॅस्टेली तुरुंगात होता. बाहेर दोन गट पडले. ५ मे १९८१ रोजी विरोधी गटातल्या तीन म्होरक्यांना बैठकीच्या बहाण्याने बोलावून एकदमच संपवण्यात आले. नापोलितानोचा गट जिंकला.

या कटात एक जण हाताशी लागला नव्हता. मारल्या गेलेल्या अल्फॉन्स इंडेलिकाटोचा मुलगा ब्रूनो त्या बैठकीला आलाच नाही. त्याला शोधून मारण्याचे काम नापोलितानोने ब्रास्कोवर सोपवले आणि त्याचबरोबर त्याला अधिकृत सदस्य करून घेण्याचे बेत सुरू झाले.

इथे एफबीआयमध्ये मतभेद झाले. पिस्टोनचे म्हणणे, थोडे थांबू. एजंट माफियाचा शपथबद्ध सदस्य झाला तर त्यांची इतिहासातली सर्वांत मोठी नाचक्की होईल. वरिष्ठांचे म्हणणे, पुरे झाले. दोन गट शस्त्रे घेऊन फिरत आहेत, एजंट कधीही गोळीला बळी पडेल. आणि उद्या ब्रूनो खरोखरच समोर आला तर काय करणार? पिस्टोनची खंत समजण्यासारखी असली, तरी इथे वरिष्ठांचेच बरोबर होते. सरकारी कर्मचारी खुनाच्या सुपारीवर फिरतो आहे, ही स्थिती एक दिवसही लांबवण्याजोगी नसते. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या महान्यायवाद्यांनी एफबीआयच्या छुप्या मोहिमांसाठी लेखी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली होती. कोणती मोहीम कोणाच्या मंजुरीने चालेल, एजंटला कोणत्या बेकायदा कृत्यात किती सहभागी होता येईल, याच्या मर्यादा त्यात घातल्या आहेत.

२६ जुलै १९८१ रोजी ब्रास्को संपला आणि पिस्टोन घरी परतला.

साक्षीत काय घडले?

पहिला मोठा खटला १९८२ मध्ये मॅनहॅटनच्या फेडरल न्यायालयात चालला. लेफ्टी रुजिएरो आरोपींच्या बाकावर होता. त्याचा शागिर्द सरकारी साक्षीदार म्हणून समोर येऊन बसला, स्वतःच्या खऱ्या नावाने. अटक झाल्यानंतरही ब्रास्को एजंट आहे, यावर लेफ्टीचा बराच काळ विश्वास बसला नव्हता, असे सांगितले जाते. त्यालाही एफबीआयने ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस वेळीच ताब्यात घेतल्यामुळेच तो जिवंत होता.

आता कायद्याचा मुद्दा. ऐकीव माहिती पुरावा म्हणून चालत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. मग ‘लेफ्टीने मला असे सांगितले’ हे पिस्टोनचे वाक्य न्यायालयाने कसे ऐकले? याचे उत्तर अमेरिकी पुरावा नियमांतल्या एका तरतुदीत आहे. कटातल्या एका सहभागीने कट चालू असताना आणि कट पुढे नेण्यासाठी केलेले विधान कटातल्या इतरांविरुद्ध वापरता येते. लेफ्टी ब्रास्कोला धंदा शिकवत होता, कामे सोपवत होता, कोणाचा खून झाल्याने आता कोण कुठे बसेल हे सांगत होता. ही विधाने धंदा पुढे नेण्यासाठीचीच होती. फुशारकी मारण्याची लेफ्टीची सवय अशी सरकारी पक्षाची सर्वांत मोठी मालमत्ता ठरली. भारतीय पुरावा कायद्यातही कटाबाबत याच धर्तीचे कलम १० होते.

बचाव पक्षाकडे अशा साक्षीविरुद्ध तीन हत्यारे असतात. पहिले, हा माणूस पाच वर्षे रोज खोटे बोलत होता, आज खरे कशावरून? दुसरे, टिपणे नाहीत, फिती थोड्या, मग आठवणीवर विश्वास का ठेवायचा? तिसरे, यानेच आमच्या अशिलाला गुन्ह्यात ओढले. पहिले दोन प्रश्न ज्युरीच्या मनातले असतात आणि तिथे पिस्टोनचा शांतपणा उपयोगी पडला. जिथे फीत होती, तिथे त्याने सांगितलेले आणि फितीतले जुळत होते; मग जिथे फीत नव्हती तिथेही ज्युरी त्याच्यावर विसंबली.

तिसरा प्रश्न कायद्याचा आणि जास्त नाजूक. गुन्हा करण्याची मुळात इच्छाच नसलेल्या माणसाला सरकारने भरीस घालून गुन्हा करायला लावला, तर आरोपी सुटतो, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९३२ पासून मानले आहे. संधी देणे चालते, प्रवृत्त करणे चालत नाही. ब्रास्कोने बोट आणली, माणसांच्या गाठी घालून दिल्या. पण आधीपासून सावकारी, जुगार आणि खून करणारी टोळी त्याच्यामुळे बिघडली, असे म्हणणे अवघडच होते. रुजिएरोसह बहुतेक आरोपी दोषी ठरले आणि रुजिएरोला १५ वर्षांची शिक्षा झाली. तरीही सगळीकडे यश आले नाही. ट्रॅफिकान्टेविरुद्धचा फ्लोरिडातला खटला १९८६ मध्ये न्यायालयात टिकला नाही.

पुढची काही वर्षे पिस्टोनचे काम न्यायालयांच्या फेऱ्या मारणे, हेच होते. पिझ्झाच्या दुकानांच्या आडून हेरॉइनचा व्यापार केल्याचा ‘पिझ्झा कनेक्शन’ खटला सप्टेंबर १९८५ ते मार्च १९८७ असा तब्बल १७ महिने चालला. बोनानो कुटुंबाची रचना कशी आहे, हे तिथे त्याने समजावून दिले. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या माफिया कुटुंबांच्या शिखर मंडळावरचा ‘कमिशन’ खटला उभा राहिला. सरकारी वकील रुडॉल्फ ज्युलियानी यांचे नाव या खटल्याने घरोघरी पोहोचले. बचाव पक्षाने तिथे एक अभूतपूर्व गोष्ट केली. माफिया आहे, तिचे कमिशनही आहे, पण सदस्य असणे हा गुन्हा नाही, अशी भूमिका घेतली. ज्या संघटनेचे अस्तित्वच अनेक दशके नाकारले गेले, ती न्यायालयात तिच्याच वकिलांकडून मान्य झाली. नोव्हेंबर १९८६ मध्ये आरोपी दोषी ठरले आणि जानेवारी १९८७ मध्ये तीन कुटुंबांच्या प्रमुखांना प्रत्येकी १०० वर्षांची शिक्षा झाली. अर्थात तिथला मुख्य पुरावा गुपचूप बसवलेल्या ध्वनिग्राहकांचा होता. पिस्टोनची साक्ष ही त्या संभाषणांची गुरुकिल्ली होती.

गंमत अशी, की ब्रास्को प्रकरण आणि अंतर्गत बंडाळ्यांमुळे बोनानो कुटुंबाची कमिशनमधली जागा आधीच गेली होती. त्यामुळे या खटल्याचा मोठा तडाखा त्यांना बसला नाही.

पिस्टोनच्या मोहिमेमुळे एकूण दोनशेहून अधिक जणांवर आरोप ठेवले गेले आणि शंभराहून अधिक जण दोषी ठरले, असा आकडा नेहमी दिला जातो.

किंमत कोणी मोजली?

नापोलितानोला एफबीआयने संरक्षणाच्या बदल्यात साक्षीदार होण्याची वाट खुली ठेवली होती. त्याने ती नाकारली. ऑगस्ट १९८१ मध्ये त्याला बैठकीचे बोलावणे आले, तेव्हा त्याने आपले दागिने आणि घराच्या किल्ल्या मोशन लाउंजच्या बारवाल्याकडे दिल्या. कुठे चाललो आहोत, हे त्याला माहीत होते. घराच्या छपरावर त्याने पाळलेली कबुतरे तिथेच राहिली. मिराला फेब्रुवारी १९८२ मध्ये त्याच्याच नात्यातल्या माणसाने मारले. पिस्टोनच्या डोक्यावर पाच लाख डॉलरचे इनाम लागल्याची माहिती मिळताच एफबीआयचे अधिकारी थेट माफियाच्या म्होरक्यांकडे गेले आणि एजंटला हात लावाल तर परिणाम भोगाल, असे बजावून आले.

पिस्टोनची पत्नी आणि तीन मुली या काळात घर बदलत राहिल्या. तो कधी कधी कित्येक महिने घरी येत नसे आणि आला तरी काय करतो हे सांगता येत नसे. मोहीम संपल्यावर नवे नाव, नवे गाव आले. या सगळ्याबद्दल एफबीआयकडून त्याला ५०० डॉलरचे बक्षीस मिळाले. १९८६ मध्ये त्याने नोकरी सोडली. १९८८ मध्ये सिनेट समितीपुढेही त्याने माफियाबद्दल साक्ष दिली.

सिनेमातले किती खरे?

१९९७ च्या ‘डॉनी ब्रास्को’ चित्रपटात जॉनी डेप ब्रास्को आणि अल पचिनो लेफ्टी झाला आहे. शेवटी लेफ्टी अंगावरचे दागिने काढून ठेवतो आणि मरणाला सामोरा जातो, हे दृश्य अनेकांना आठवत असेल. प्रत्यक्षात तसे वागला तो नापोलितानो. लेफ्टी तुरुंगात गेला, १९९२ मध्ये सुटला आणि १९९४ मध्ये कर्करोगाने वारला. नापोलितानोच्या खुनाबद्दल शिक्षा व्हायला २००४ उजाडले. तेव्हा कुटुंबप्रमुख जोसेफ मॅसिनो या आणि इतर खुनांत दोषी ठरला. ब्रास्को प्रकरणाची धास्ती घेऊन, माझे नाव उच्चारायचे नाही, फक्त कानाला हात लावायचा, असा नियम याच मॅसिनोने काढला होता. दोषी ठरल्यावर तो स्वतःच सरकारी साक्षीदार झाला. न्यूयॉर्कच्या पाच कुटुंबांपैकी एखाद्याचा विद्यमान प्रमुख फुटण्याची ती पहिलीच वेळ.

२००२ ते २००५ या काळात क्यूबात जन्मलेला एफबीआय एजंट जोकिन गार्सिया ‘जॅक फाल्कोन’ बनून गॅम्बिनो कुटुंबात शिरला. इटालियन पदार्थांची नावे नीट उच्चारण्यापासून त्याची तयारी करून घेतली होती. त्यालाही सदस्यत्व देण्याचे घाटत होते आणि त्याचीही मोहीम त्याआधीच गुंडाळली गेली. त्याच्यासमोर एकाला मेणबत्तीच्या जड स्टँडने मारहाण झाली, तेव्हा एजंटने किती काळ नुसते बघत राहायचे, हा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

महाराष्ट्रात असे शक्य आहे?

महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेला ‘मकोका’ रचनेने रिकोच्या बराच जवळचा आहे. एकट्या गुन्ह्याऐवजी टोळीच्या सातत्याने चाललेल्या बेकायदा कृत्यांवर बोट ठेवणारा, वरिष्ठांच्या पूर्वमंजुरीने संभाषणे टिपण्याची मुभा देणारा. पण पुराव्याचा भार त्याने वेगळ्या खांद्यावर टाकला. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब या कायद्यात ग्राह्य धरला जातो. अमेरिकेत टोळीचे अंतरंग एजंट सांगतो. इथे ते आरोपीच्या कबुलीतून येते. बंद दाराआड सुनावणी आणि साक्षीदाराचे नाव गुप्त ठेवणे, याची सोय मकोकाच्या कलम १९ मध्ये आहे.

मुंबई पोलिसांचे खबऱ्यांचे जाळे नावाजलेले आहे. मात्र खबरी माहिती देतो, साक्ष देत नाही. माहिती कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसावर करता येत नाही, हे संरक्षण पुरावा कायद्याने दिले. त्यामुळे खबरी वाचतो, पण त्याने पाहिलेले न्यायालयात पोहोचत नाही. पोलिसाने टोळीत वर्षानुवर्षे राहून खऱ्या नावाने पिंजऱ्यात उभे राहायचे, तर त्याला गुन्ह्यात कुठवर सहभागी होता येईल, त्याच्या कुटुंबाचे काय, नंतर नवी ओळख कोण देणार, हे आधी लिहिलेले असावे लागते. अमली पदार्थविरोधी कायद्यात पाळत ठेवून माल पुढे जाऊ देण्याची तरतूद आहे. पण छुप्या मोहिमांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही.

साक्षीदारांबाबत थोडी हालचाल झाली आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन, संसद किंवा विधिमंडळे कायदा करेपर्यंत ती देशभर लागू केली. धोका किती यावरून साक्षीदारांचे वर्ग, गरज पडल्यास ओळख बदलणे आणि दुसरीकडे स्थलांतर, या गोष्टी त्या योजनेत आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नुसार प्रत्येक राज्य सरकारने अशी योजना तयार करून अधिसूचित करायची आहे. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ ने संघटित गुन्हेगारी हा देशभर स्वतंत्र गुन्हा झाला. टोळी सिद्ध करण्याची जबाबदारी त्यामुळे आता मकोका नसलेल्या राज्यांतल्या तपास अधिकाऱ्यांवरही आली आहे.